कुत्र्याला पिसवा झाल्यात? कुत्रा आणि घर दोन्ही कसं साफ करायचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पावसाळा लागला की ओळखीतल्या कुत्रेवाल्यांचे फोन सुरू होतात. आमचा सारखा खाजवतोय, आंघोळ घातली, पावडर लावली, दोन दिवस बरं वाटतं आणि परत तेच. आणि बऱ्याच घरांत तोपर्यंत कुणीतरी म्हणालेलं असतं की आता त्याला बाहेर बांधा नाहीतर देऊन टाका कुणाला तरी. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते. आमच्याकडे हे होऊन गेलंय, कुत्रा गावठी, पुण्यात फ्लॅट आणि कोकणात जुनं घर, आणि दोन्हीकडच्या पिसवा निस्तरल्यात. पहिल्यांदाच करत असाल तर क्रमाने जा, मधलं काही गाळू नका.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. कुत्र्याच्या अंगावर ज्या पळताना दिसतात त्या मोठ्या पिसवा म्हणजे साधारण शंभरातल्या पाच. बाकीच्या पंच्याण्णव तुमच्या घरात आहेत, अंडी, अळ्या आणि कोष अशा रूपात, कॉटखाली, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात. त्यामुळे कुत्र्याला बाहेर काढून पिसवा जात नाहीत. कोषातून नवीन निघालेल्या पिसवेला कुत्रा सापडला नाही की ती तुम्हाला चावते, लहान मुलांना चावते. उलट नीट औषध दिलेला कुत्रा घरात फिरत राहिला तर त्या त्याच्यावर उडी मारतात आणि मरतात, म्हणजे कुत्रा घरात असणं हा उपायाचाच भाग आहे. घरच्यांना हे आधी समजावून सांगा, मग कामाला लागा.

आधी काय काय जमवायचं

- बारीक दातांची फणी (पेट शॉपमधली घ्या, नाहीतर घरात उवांची जुनी फणी असेल तीसुद्धा चालते)
- एक वाडगा, त्यात पाणी आणि भांड्याच्या लिक्विड साबणाचे थोडे थेंब
- पांढरा टिश्यू पेपर किंवा कापूस, पांढरे मोजे
- कुत्र्याचा लसीकरणाचा कार्ड किंवा बुकलेट, जंताचं औषध शेवटचं कधी दिलं त्याची तारीख
- कुत्र्याचं आजचं वजन
- व्हॅक्यूम क्लीनर, नसेल तर कुणाचा तरी मागून आणा, तेही नसेल तर कडक ब्रश आणि झाडू
- तोंड घट्ट बांधता येईल अशा पिशव्या

वजनासाठी वेगळा काटा लागत नाही. कुत्र्याला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहा, मग एकट्याने, आणि वजाबाकी करा. मोठा कुत्रा उचलत नसेल तर दवाखान्यात करून मिळतं.

१. पिसू आहे की गोचीड, हे आधी बघा

आपल्याकडे खूप जण अंगावरच्या सगळ्याच किड्यांना गोचीड म्हणतात आणि मेडिकलमधून गोचिडाचं औषध आणून मोकळे होतात, तिथेच पहिला घोळ होतो. गोचीड कातडीला चिकटून बसते, रक्त पिऊन फुगते, करड्या रंगाच्या टपोऱ्या दाण्याएवढी होते, तिला आठ पाय असतात आणि ती उडी मारत नाही. पिसू दोन-तीन मिलिमीटरची, काळपट तपकिरी, दोन्ही बाजूंनी चपटी, केसांतून सरसर पळते आणि बोटात धरायला गेलं की उडते. दोन्ही एकदम असू शकतात, पावसाळ्यात बऱ्याचदा असतातच.

पिसू डोळ्याला दिसलीच पाहिजे असं नाही. खाजवणारा कुत्रा चाटून चावून त्या गिळतो, त्यामुळे अंगावर एकही सापडत नाही आणि मालक म्हणतात छे, आमच्याकडे नाहीत. अशा वेळी ही टेस्ट करा. कुत्र्याला उजेडात उभा करा, शेपटीच्या मुळाशी पाठीवर, पोटाखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला केस उलटे करून फणी कातडीला लावून ओढा. फणीत मिरपुडीसारखे काळे कण येतील. ते ओल्या टिश्यूवर टाका आणि मिनिटभर थांबा. साधी माती असेल तर ती काळीच राहते. पिसवांची विष्ठा असेल तर प्रत्येक कणाभोवती हळूहळू लालसर तपकिरी वर्तुळ पसरायला लागतं, कारण ते कुत्र्याचं वाळलेलं रक्त असतं. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की घरात कुणी वाद घालत नाही.

घरात आहेत का हे बघायला पांढरे मोजे घालून, सलवार नाहीतर पँट वर दुमडून, कुत्रा झोपतो तिथे पाचेक मिनिटं पाय घासत फिरा. मोज्यावर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील. माणसांना चावे जास्त करून घोट्याजवळ आणि गुडघ्याखाली येतात, दोन-तीन जवळजवळ, भयंकर खाज.

पिसवा म्हटलं की घरातली मोठी माणसं प्लेगचं नाव काढतात आणि ते उगाच नाही, १८९६-९७ ची मुंबई-पुण्याची साथ आपल्याकडे विसरलेली नाही आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात परत प्लेग निघाला होता. पण ती मुख्यतः उंदरावरची पिसू, वेगळी जात. कुत्र्यावरच्या पिसवांमुळे प्लेग होईल म्हणून घाबरून कुत्रा सोडून देऊ नका. घरात उंदीर असतील तर त्यांचा बंदोबस्त वेगळा करा, आणि आसपास अचानक खूप उंदीर मरून पडायला लागले तर हात न लावता महापालिकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा.

२. पिसू वाढते कशी ते समजून घ्या

हे वाचायचा कंटाळा करू नका, कारण औषधाने फरक पडत नाही असं ज्यांना वाटतं त्यातल्या बहुतेकांना हे माहीत नसतं.

पिसू कुत्र्यावर चढली की लगेच रक्त प्यायला लागते आणि दीड-दोन दिवसांत अंडी घालायला सुरुवात करते, एक मादी दिवसाला ४० ते ५० पर्यंत घालते. अंडी पांढरी, मिठाच्या कणाएवढी, चिकटणारी नसतात, त्यामुळे कुत्रा जिथे झोपला, जिथे अंग झटकलं तिथे पडतात. त्यातून अळी निघते, ती उजेडापासून पळते, फटीत, गादीखाली, सतरंजीच्या वीणीत शिरते आणि तिथे पडलेली तीच काळी विष्ठा खाऊन वाढते. मग ती चिकट कोष विणते, त्याला धूळ, केस चिकटतात आणि तो बघूनही ओळखू येत नाही. उबदार आणि दमट हवेत हा सगळा प्रवास तीन-चार आठवड्यांत होतो, कधी त्याहून लवकर.

खरी अडचण कोषाची. त्याच्या आत फवारणीचं औषध पोचत नाही. आणि आतली पिसू तयार असूनही बाहेर कुणी नसेल तर आठवडेच्या आठवडे, कधी कधी महिनोन्महिने तशीच थांबते, आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर येते. म्हणूनच बंद घर उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी पायाला एकदम चावे सुरू होतात.

अळ्यांना ओलावा लागतो, हवा कोरडी झाली की त्या सुकून मरतात. त्यामुळे आपल्याकडे जून ते ऑक्टोबर सगळ्यात वाईट. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात उघड्यावर त्या टिकत नाहीत, पण दिवसभर कूलर चालू असलेली खोली दमटच असते, तिथे मे महिन्यातही मजेत वाढतात, हे लक्षात ठेवा.

३. व्हेटकडे जा, मेडिकलवाल्याकडे नाही

एकदा तरी दाखवून या. वजन, वय, आधीचे आजार, फिट येतात का, मादी असेल तर गाभण आहे का किंवा पिल्लं पाजतेय का, आणि घरात मांजर आहे का, हे सगळं न विचारता सांगा. शेवटचं विशेष करून, का ते पुढे येईल. खर्चाची अडचण असेल तर तालुक्याचा सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना आहे, मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, आणि परळ, शिरवळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय कॉलेजांत पण दवाखाने आहेत.

डॉक्टरांना तीन गोष्टी तपासायला सांगा. एक, शेपटीच्या मुळाशी केस गेलेत का, कातडी लाल झालीय का. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते, मग एक-दोन चावल्या तरी खाजवून खाजवून जखम करून घेतात, त्याला वेगळं औषध लागतं. दोन, टेपवर्म. पिसू गिळल्यावर कुत्र्याच्या पोटात हा जंत तयार होतो, शी मध्ये किंवा गुदद्वाराशी तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात. त्याचं औषध पिसवांच्या औषधासोबतच द्यायचं, नुसतं जंताचं दिलं आणि पिसवा राहिल्या तर तो परत होतो. तीन, हिरड्या. गुलाबी पाहिजेत. लहान पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसत असतील आणि ते मलूल असेल तर पिसवांनी त्याचं रक्त इतकं प्यायलंय की जिवावर बेतू शकतं, अशा वेळी उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी न्या.

४. कुत्र्यावरचं औषध

आता आपल्याकडे मुख्य दोन प्रकार चालतात.

पहिला म्हणजे खायची गोळी. नेक्सगार्ड, सिम्पारिका या महिन्याला एक, ब्रेव्हेक्टो साधारण १२ आठवडे चालते. पिसू चावली की रक्तातून औषध तिच्यात जातं आणि ती मरते, बहुतेक सगळ्या २४ तासांच्या आत. गोचिडांवरही चालते. पावसाळ्यात जो कुत्रा रोज भिजतो त्याच्यासाठी मला स्वतःला गोळीच बरी वाटते कारण ती धुऊन जात नाही. ज्याला फिट येतात त्याच्याबाबतीत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय या गटातली गोळी द्यायची नाही.

दुसरा स्पॉट-ऑन, म्हणजे मानेच्या मागे दोन खांद्यांच्या मध्ये कातडीवर सोडायचं औषध, त्यात फिप्रोनिलवालं बरंच मिळतं. केस बाजूला करून कातडीवर सोडायचं, केसांवर नाही. आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही. इथेच लोक फसतात, औषध लावलं आणि संध्याकाळी छान शाम्पूने आंघोळ घातली, मग म्हणतात काही उपयोग झाला नाही.

पैसे वाचवायला मोठ्या कुत्र्याची पिपेट (स्पॉट-ऑन औषधाची छोटी नळी) आणून दोन छोट्या कुत्र्यांना अर्धी अर्धी लावू नका, गोळीचेही तुकडे करून वाटू नका. डोस वजनावर ठरलेला असतो. आणि घरात दोन-तीन जनावरं असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी, जे खाजवत नाही त्यालाही. मांजराला मात्र मांजराचंच औषध. कुत्र्याच्या काही स्पॉट-ऑनमध्ये, स्प्रेमध्ये आणि पावडरीत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विष आहे, कुत्र्याला लावल्यावर मांजर त्याला बिलगून झोपली, त्याला चाटलं तरी त्रास होऊ शकतो. थरथर, लाळ, झटके असं काही दिसलं तर घरगुती उपचार करत बसू नका, तडक व्हेट.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना यातलं काहीही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. त्यांना कोमट पाण्याने, सौम्य साबणाने धुवा, फणी फिरवा, आणि लगेच पूर्ण कोरडं करून उबेत ठेवा.

५. आंघोळ आणि फणी

आंघोळीने त्या वेळी अंगावर असलेल्या पिसवा जातात, बस एवढंच, उद्या घरातून नव्या चढणार. तरी खूप झाल्या असतील तर आधी एक आंघोळ घाला आणि औषध डॉक्टर सांगतील त्या हिशोबाने नंतर. सुरुवात मानेपासून करा, गळ्याभोवती साबणाचं जाड कडं करा, कारण पाणी लागलं की सगळ्या डोक्याकडे, कानाकडे पळतात. मग मागे जा. फेस दहा मिनिटं तसाच ठेवा. डोळ्यांत जाऊ देऊ नका. माणसांचा शाम्पू, डेटॉल वगैरे नको, कातडी आणखी बिघडते.

फणी रोज. कुत्र्याच्या पायाखाली पांढरं फडकं, शेजारी तो साबणाच्या पाण्याचा वाडगा. मान, हनुवटीखाली, काखा, पोट, शेपटीचं मूळ. एक ओढ घेतली की फणी लगेच पाण्यात बुडवायची. साध्या पाण्यात पिसवा तरंगतात आणि परत उडतात, साबण असेल तर बुडतात. नखावर चिरडत बसू नका. आमच्याकडे संध्याकाळी अंगणात बसून हे करायचो, कुत्र्यालाही सवय झाली, फणी दिसली की आपणहून येऊन आडवा व्हायचा.

६. घर, आणि इथेच खरी मेहनत आहे

कुत्र्याला औषध दिलं त्याच दिवशी घर सुरू करा.

कुत्र्याचं अंथरूण, त्याची सतरंजी, तुमची बेडशीट, तो ज्यावर लोळतो ती सोफ्याची कव्हरं, पायपुसणी, सगळं उचला. उचलताना हळू, गोळा करून थेट पिशवीत, घरभर झटकत नेलं तर अंडी सगळीकडे सांडतात. मशीनमध्ये ६० अंशांवर धुवा, मशीन नसेल तर बादलीत कडकडीत गरम पाण्यात बुडवून ठेवा. हे दर आठवड्याला. गोधडी, गादी धुता येत नाही, ती उन्हात टाका, दोन्ही बाजूंनी, गच्चीवर कडक ऊन असेल तेव्हा. पावसात ऊन मिळत नाही तेव्हा धुतलेले कपडे पंख्याखाली वाळवा आणि वरून गरम इस्त्री फिरवा. कुत्र्याखाली गोणपाट असेल तर ते वाचवू नका, टाकून द्या.

मग व्हॅक्यूम. आपल्या घरांत गालिचे कमी, टाइल्स जास्त, त्यामुळे आपलं काम परदेशातल्यापेक्षा सोपं आहे, पण लोक खोलीच्या मधला भाग चकाचक करतात आणि अळ्या असतात कडेला. कॉट सरकवा. दिवाण उघडून आतून करा. सोफ्याच्या गाद्या काढून खालच्या फटी. कपाटाखाली, शू रॅकमागे, दाराच्या उंबऱ्याच्या कडेने, जुन्या शहाबादी फरशीच्या सांध्यांतून, जिन्याखालची अडगळ, बाल्कनीत कुंड्यांच्या मागे, आणि कुत्रा गाडीतून जात असेल तर गाडीची सीट. पहिले दोन आठवडे रोज, नंतर एक दिवसाआड. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, ते चांगलंच आहे, बाहेर आली म्हणजे ती मारता येते. काम झालं की लगेच व्हॅक्यूमची पिशवी किंवा डब्यातला कचरा प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारून, घराबाहेरच्या कचऱ्यात. तो तसाच कपाटात ठेवला तर आतून परत येतात.

व्हॅक्यूम नसेल तर कडक ब्रशने फटी खरवडा, झाडून आलेला केर सुपलीतून थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत, आणि मग गरम पाण्याने लादी.

कामाला मावशी येत असतील तर त्यांना नीट समजावून सांगा, कुठे जास्त झाडायचं ते दाखवा. आणि त्यांनाही चावत असतील, त्याही हे त्यांच्या घरी कपड्यांतून नेऊ शकतात, तेव्हा लपवू नका.

रात्री जमिनीवर पसरट ताटात साबणाचं पाणी आणि वर कमी उंचीवर दिवा लावून ठेवला तर सकाळी त्यात पिसवा सापडतात. याने पिसवा संपत नाहीत, पण कुठल्या खोलीत किती आहेत आणि आठवड्यागणिक कमी होतायत का हे कळतं, म्हणून करा.

७. पेस्ट कंट्रोल बोलवायचं असेल तर

थोड्या पिसवा असतील तर वरच्या सगळ्याने भागतं. घरभर झाल्या असतील, लहान मुलांना चावत असतील तर बोलवा. पण फोनवर आधी हे विचारा:

- पिसवांसाठी करता का? झुरळांचं जेल पिसवांवर काहीच काम करत नाही.
- फवाऱ्यात अळ्यांची वाढ रोखणारं औषध आहे का? पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीन ही नावं घ्या. नुसतं मोठ्या पिसवा मारणारं असेल तर अंडी-अळ्या वाढत राहतात.
- दुसरी फेरी दोन-तीन आठवड्यांनी त्याच पैशांत येते का? हे कोटेशनवर लिहून घ्या. एका फेरीत काम होतं असं सांगणाऱ्याला कोष माहीत नाहीत.
- कुत्रा, मांजर, लहान मूल, गरोदर बाई घरात आहे हे सांगा आणि किती तास बाहेर राहायचं ते विचारा.

फवारणीच्या आधी पूर्ण घर व्हॅक्यूम. भांडी, पाणी, कुत्र्याचे वाडगे झाका. मासे असतील तर टँक बाहेर हलवा, नाहीतर हवेचा पंप बंद करून नीट झाका, ही औषधं माशांना फार लवकर मारतात. जमीन पूर्ण वाळेपर्यंत कुणीच आत नाही.

आणि नंतरचा सगळ्यात मोठा घोळ म्हणजे लादी पुसणं. आपल्याकडे रोज फिनाइल टाकून कोपरा न् कोपरा पुसायची सवय, दुसऱ्याच दिवशी पुसलं की भरलेले पैसे बादलीतून मोरीत गेले. जिथे फवारलंय त्या कडा आणि फर्निचरखालचा भाग दोनेक आठवडे पाण्याने पुसू नका, मधलं चालायचं पुसा. व्हॅक्यूम मात्र चालू ठेवायचा.

८. हे करू नका, कितीही कुणी सांगितलं तरी

शेतीचं औषध कुत्र्याला लावू नका. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. गावाकडे फवारणीचं उरलेलं औषध पाण्यात घालून कुत्र्याला चोळतात, पिसवा मरतात खऱ्या पण कुत्रा अंग चाटतो, आणि लाळ गळून, थरथरून तासाभरात जातो. असा कुत्रा मी जवळून बघितलाय. गुराढोरांच्या गोचिडांचं औषधही अंदाजाने नको.

तंबाखूचं पाणी नको, निकोटीन विष आहे. रॉकेल नको. लसूण खायला घालू नका, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. डांबर गोळ्या आणि कापूर अंथरुणात ठेवू नका. टी ट्री ऑइल नको. झुरळांचा खडू किंवा मच्छरांचा स्प्रे कुत्र्यावर मारू नका. कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी आंघोळीला घातलं तर नुकसान नाही पण त्याच्यावर विसंबून राहू नका, त्याने घरातल्या अळ्या मरत नाहीत.

आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन स्वस्तात मिळतं म्हणून कुठल्याही कंपाउंडरकडून टोचून घेऊ नका. पिसवांवर ते भरवशाचं नाही, आणि कोलीसारख्या कुत्र्यांच्या जातींना चुकीच्या डोसात ते जिवावर बेततं.

९. गावाकडचं घर, अंगण आणि सोसायटी

जुन्या घरात पिसवा पडवीत, ओट्याखाली, लाकूडफाट्याच्या ढिगात, गोठ्यात वाढतात, जिथे सावली, ओल आणि भुसभुशीत माती आहे तिथे. उन्हातल्या मोकळ्या अंगणात वेळ घालवू नका. पालापाचोळा काढा, लाकडं हलवून खालचं झाडा, जुनं गवत-पेंढा काढून जाळा किंवा लांब टाका, कुत्रा खड्डा करून बसतो ती माती वरवर खरवडून काढा आणि तिथे ऊन येईल असं करा. घरात शेळ्या, वासरं असतील तर त्यांच्याही अंगावर याच पिसवा असतात, हे बहुतेकांना माहीत नसतं, आणि कुत्र्याचं सगळं करूनही मग त्या जात नाहीत. सरकारी डॉक्टरांना गोठा दाखवा आणि दोन्हीचा उपाय एकाच वेळी करा.

गणपतीला किंवा मे महिन्यात बंद घर उघडणार असाल तर शक्य असल्यास सगळं कुटुंब यायच्या एक-दोन दिवस आधी कुणीतरी जाऊन उघडा. मागच्या काही महिन्यांत पडवीत कुत्री-मांजरं झोपलेली असतात. दारं-खिडक्या उघडून सगळ्या खोल्यांतून फिरा, पाय झाकलेले कपडे घालून, चांगलं झाडा, केर बाहेर जाळा, दुसऱ्या दिवशी परत झाडा. लहान मुलांची अंथरुणं पहिल्या रात्री जमिनीवर घालू नका.

सोसायटीत पार्किंगमध्ये, जिन्याखाली भटकी कुत्री बसतात, तिथून पिसवा तुमच्या कुत्र्यावर येणार हे खरं. त्यासाठी त्यांना हाकलून काही होत नाही, दुसरी येतात. त्यांना खायला घालणाऱ्यांशी बोला, वर्गणी काढून व्हेटच्या सल्ल्याने त्यांनाही गोळी द्या, खाण्यातून देता येते, पकडावं लागत नाही. आणि जिन्याखालची जुनी पोती, गाद्या हलवायला सोसायटीला लेखी सांगा.

१०. पुढचे तीन महिने

पहिल्या आठवड्यात खूप फरक वाटेल. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात परत पिसवा दिसतील आणि घरात सगळे म्हणतील औषध फेल गेलं. नाही गेलं. हे जुने कोष फुटतायत. त्या कुत्र्यावर चढतील आणि अंडी घालायच्या आत मरतील, फक्त तुम्ही औषधाची पुढची तारीख चुकवू नका. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावा, कार्डावर लिहून घ्या. एक महिना बरा गेला म्हणून दुसरा डोस टाळला की सगळं परत पहिल्यापासून, आणि हा टप्पा सोडल्यामुळेच सगळ्यात जास्त घरं परत परत अडकतात.

बारा आठवडे सलग कुत्र्याचं औषध, दर आठवड्याला धुणं, दर आठवड्याला मोजे टेस्ट आणि टिश्यू टेस्ट. दोन महिने होऊन गेले, डोस एकही चुकला नाही, घरातल्या सगळ्या जनावरांना औषध आहे, तरी टिश्यूवर लाल येतंय, तर बाहेरून कुठून तरी येतायत, ती जागा शोधा: शेजारचं मांजर, गोठा, फिरायला जातो ती ठरावीक झुडपं, आणि मगच औषध बदलायचं का ते डॉक्टरांना विचारा.

तुम्हाला चावलेल्या जागी कॅलामाइन लावा, नखं कापलेली ठेवा, मुलांची विशेषतः. चाव्यांनंतर ताप आला किंवा अंगावर पुरळ उठलं तर डॉक्टरकडे जाऊन घरात पिसवा आहेत हे आवर्जून सांगा.

टेस्ट लागोपाठ कोऱ्या आल्यावर फवारणी, व्हॅक्यूमची घाई सगळं थांबवलं तरी चालेल. कुत्र्याचं औषध मात्र निदान दिवाळीपर्यंत चालू ठेवा, आणि कोकणात किंवा मुंबईत राहत असाल, जिथे हवा कधी कोरडी होतच नाही, तर वर्षभर.